जनाबाईचा वेष कसा सिद्ध करावा ?

संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध असलेलें नरसी हें गांव हिंगोली जिल्ह्यांत कयाधू नदीच्या कांठीं वसलें आहे. या भागांतील शाळांच्या संमेलनांत नामदेवचरित्रांतील एखादा प्रवेश करून दाखवावा, असें मुलांस वाटणें स्वाभाविकच होय. प्रवेश ठरला, भाषणें पाठ झालीं, कीं पोषाखाचा प्रश्न उभा राहतो. गोणाई, राजाई व जनाबाई यांच्या भूमिका करणाऱ्या मुली घरोघरच्या पेट्या उघडतात; भरजरी लुगडें, मोत्यांची नथ, हिरवा चुडा असें साहित्य गोळा होतें; आणि नामदेवांच्या घरची दासी एखाद्या सरदाराच्या सुनेप्रमाणें नटून जात्यापाशीं येऊन बसते ! प्रेक्षक टाळ्या वाजवितात. परंतु जनाबाई खरोखर कशी दिसत असेल, हा प्रश्न तसाच राहतो. तो सोडविण्याची रीत काय, हें या पाठांत पाहावयाचें आहे.

जुना वेष जाणण्याचीं साधनें तीन : प्रत्यक्ष वस्त्र, चित्र अथवा मूर्ति, आणि शब्द. तिन्हींचा क्रमानें विचार करूं.

प्रथम प्रत्यक्ष वस्त्र. युरोपच्या उत्तरेकडील नॉर्स लोकांचें उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे. स्वीडन देशांत एका सरोवरांतील बेटावर बिर्का नांवाचें व्यापारी शहर ८ व्या ते १० व्या शतकांत नांदत होतें. ह्यालमार स्टोल्पे या संशोधकानें १८७१ पासून तेथें उत्खनन करून सुमारें ११०० थडगीं उघडलीं. स्त्रियांच्या थडग्यांत छातीच्या वरच्या बाजूस, कांसवाच्या पाठीसारखे फुगीर असे धातूचे दोन मोठे आंकडे आढळले. त्या धातूच्या गंजानें खालचे जवसाच्या धाग्याचे व लोंकरीचे तुकडे कुजण्यापासून वांचविले होते. आग्नेस गायर या विदुषीनें त्यांचा अभ्यास १९३८ मध्यें प्रसिद्ध केला. आज तिकडील मुली जुना नॉर्स वेष शिवतात, तो बव्हंशीं अशा चिंध्यांच्या आधारें.

आपल्याकडे मृतांस बहुधा अग्नि देतात. शिवाय पाऊस, दमट हवा व वाळवी कापडास टिकूं देत नाहींत. तथापि धातूनें धागा राखल्याचें उदाहरण महाराष्ट्रांतही आहे. डॉ. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं १९५४ ते १९५६ या काळांत नेवासे येथें उत्खनन केलें, तेव्हां तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका बालकाच्या गळ्यांत तांब्याचे मणी मिळाले. त्या मण्यांत ओंवलेला दोरा टिकून होता, आणि त्यांत रेशीम व कापूस यांचे तंतु आढळले. नामदेवांच्या काळाजवळचें भारतीय कापड पाहावयाचें तर दूर जावें लागतें. ईजिप्त देशांत जुन्या कैरोजवळ फुस्तात येथें व त्या परिसरांत कोरड्या मातीनें गुजरातेंतील ठसे मारलेल्या सुती कापडाचे तुकडे जपून ठेविले. अशा बाराशेंहून अधिक तुकड्यांचा संग्रह ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयांत आहे. त्यांतील निळा व तांबडा हे रंग आपणांस उपयोगी पडतील.

दुसरें साधन मूर्तींचें. नरसीच्याच जिल्ह्यांत औंढा नागनाथ येथें यादवकाळचें शिल्पसमृद्ध मंदिर आहे. विद्यार्थ्यांनीं तेथें जावें, स्त्रीमूर्तींचें कटिवस्त्र, केशरचना, हातांतील व पायांतील अलंकार पाहून वहींत आकृति काढाव्या. परंतु एक सावधगिरी हवी. मंदिरावरील स्त्रिया बहुशः देवता, सुरसुंदरी व नर्तकी होत. दळणकांडण करणारी दासी शिल्पकारानें क्वचितच कोरली. मूर्तीवरून त्या काळचे अलंकार कळतील. ते जनाबाईच्या अंगावर होते असें मात्र सिद्ध होणार नाहीं.

तिसरें साधन शब्दांचें. जनाबाईच्या अभंगांतून तिचा दिवस दिसतो : दळणें, कांडणें, झाडलोट करणें, पाणी भरणें, शेणी वेंचणें. तिच्या नांवावरील एका प्रसिद्ध अभंगांत डोईवरचा पदर खांद्यावर आल्याचा उल्लेख आहे. यावरून पदर असलेलें व डोकें झांकणारें वस्त्र कवयित्रीच्या डोळ्यांपुढें होतें, हें उघड आहे. मात्र हे अभंग पुष्कळ काळ मुखपरंपरेनें चालत आले. तेव्हां या पुराव्यास साक्षीदाराच्या जबानीइतकें वजन देतां येणार नाहीं, आधार म्हणून तो घ्यावा. नामदेवांचें घराणें शिंप्याचें. शिखांच्या आदि ग्रंथाचें संकलन १६०४ मध्यें झालें. त्यांत नामदेवांचीं ६१ पदें असून त्यांपैकीं एकांत गज, कातर, सुई व धागा यांचीं रूपकें येतात. सुईदोऱ्यावर ज्याची उपजीविका, त्याच्या घरांत शिवलेलें वस्त्र असणें नवलाचें नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. कापड सुती, हातमागाचें व जाडेंभरडें घ्यावें. नवें विकत घेण्याचें कारण नाहीं. आजीचें वापरून मऊ झालेलें, जरीवांचून असलेलें जुनें लुगडें उत्तम. रंग पांढुरका, निळा किंवा तांबडा असावा. विल्यम पर्किन या तरुणानें १८५६ मध्यें कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढला, आणि तेथून कृत्रिम रंगांचें युग सुरू झालें. त्यापूर्वी नीळ, मंजिष्ठ, आल, हळद, करडईचें फूल यांवरच काम चाले. कोणास हौस असेल त्यानें लहान तुकडा स्वतः रंगवून पाहावा. कापड धुऊन त्याची खळ काढावी, हिरड्याच्या पाण्यांत भिजवून वाळवावें, मग तुरटीच्या पाण्यांतून काढावें, आणि शेवटीं मंजिष्ठाच्या मुळ्यांच्या काढ्यांत मंद आंचेवर ठेवावें. तुरटीमुळें रंग धाग्यास धरून राहतो. हें काम वडील माणसाच्या देखरेखीखालीं करावें.

नेसण काम करणारीस सोयीची हवी : कांसोटा घातलेली, घोट्यांच्या वर राहणारी, पदर डोईवरून घेऊन कमरेस खोंवलेला. चोळी साधी, पुढें गांठ मारावयाची. पदर टांचण्यास टांचणी नको. आपली नेहमींची चापाची टांचणी अमेरिकेंत १८४९ मध्यें निघाली. गांठ व खोंवणी एवढ्यावर नेसण टिकते कीं नाहीं, याचा तालमींत अनुभव घ्यावा.

अलंकार थोडेच असावे. कांचेच्या साध्या दोनतीन बांगड्या व गळ्यांत तुळशीची माळ पुरे. कांचेच्या बांगड्या आपल्याकडे फार जुन्या आहेत. नथ मात्र वगळावी. आपल्या प्राचीन शिल्पांत नाकांतला दागिना दिसत नाहीं, हें डॉ. आळतेकर व श्री. प. कृ. गोडे या पंडितांनीं निदर्शनास आणिलें आहे. परंपरा जनाबाईस अविवाहित मानते, म्हणून मंगळसूत्रही नको.

रंगभूमीवरील वस्तूंसही हाच नियम. जातें ठेवावें, तें फार जुनें. त्यांत जोंधळा घालावा, मका घालूं नये. मका व मिरची हीं दोन्हीं अमेरिकेहून पोर्तुगीजांच्या काळांत आलीं. घागर मातीची किंवा तांब्याची हवी. ॲल्युमिनियम स्वस्तांत काढण्याची कृति १८८६ ची आहे. चरखाही नको : भारतांतील त्याचा पहिला स्पष्ट उल्लेख म्हणून संशोधक इसामीच्या १३५० मधील फारसी काव्याकडे बोट दाखवितात, आणि नामदेवांच्या समाधीचें सालही परंपरेनें १३५० हेंच आहे. सूत काढणें दाखवावयाचें असेल तर हातांत चाती द्यावी.

इतकें झाल्यावर एका पुठ्ठ्यावर तीन रकाने आंखावे : ‘पुराव्यानें ठाऊक’, ‘अनुमान’ आणि ‘आमची निवड’. सुती कापड व निळातांबडा रंग पहिल्यांत. डोईवरचा पदर व शिवलेली चोळी दुसऱ्यांत. कांसोटा, चोळीची गांठ व बांगड्यांची संख्या तिसऱ्यांत. हा पुठ्ठा नाट्यगृहाच्या दाराशीं टांगावा. प्रेक्षकांस खरें व कल्पित यांतील भेद कळला म्हणजे नाटकाची गोडी कमी होत नाहीं, उलट ते अधिक लक्षपूर्वक पाहतात.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. जनाबाईचें वस्त्र उरलें नाहीं, याचें कारण हवापाणी एवढेंच नव्हे. श्रीमंताचा शालू पेटींत राहतो. गरिबाचें लुगडें अंगावर विरतें, मग त्याची चोळी होते, मग गोधडी, आणि अखेर पोतेरें. शेवटच्या धाग्यापर्यंत वापरलेली वस्तु संग्रहालयास कोठून मिळणार ? म्हणून तिच्या वेषाला निदान एक ठिगळ असावें. आणि घर शिंप्याचें असल्यानें तें हातानें, बारीक टांक्यांनीं, नीट लावलेलें असावें. हें काम भूमिका करणाऱ्या मुलीनेंच करावें. पालकांनीं मुलीस भरजरी वस्त्र देऊन नटविण्याऐवजीं सुई ओंवून तिच्याजवळ बसावें. खर्च कांहीं नाहीं. ज्या स्त्रीचे शब्द सातशें वर्षें टिकले, ती कष्ट करून जगत होती, हें ते टांके घालतां घालतां मुलीच्या ध्यानांत येईल, आणि मग जात्यापाशीं कसें बसावें हें तिला कोणी वेगळें शिकविण्याची गरज पडणार नाहीं.