जिव्हाळ्याच्या जनावराची शस्त्रक्रिया : खर्च करावा की करू नये?

कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आरंभीच शिकविली जाणारी संकल्पना म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी. स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या शास्त्रज्ञांनी ती 1959 मध्ये मांडली. कीड दिसली म्हणून फवारणी करू नये. टळणारे नुकसान उपायाच्या खर्चाहून अधिक असेल तेव्हाच करावी, हा तिचा आशय. कपाशीतील कामगंध सापळ्यांत सलग 3 रात्री प्रत्येकी 8 गुलाबी बोंडअळीचे पतंग, अथवा 10 टक्के प्रादुर्भावग्रस्त हिरवी बोंडे, हा निकष आपण गावोगाव सांगतो तो याच विचारातून. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरच्या एका बैलाने या हिशेबाची मर्यादा मला दाखवून दिली.

सर्जा त्या वेळी 11 वर्षांचा होता. कपाशीची शेवटची वेचणी झाल्यावर उरलेल्या बोंडांतील अळ्यांचा नायनाट व्हावा म्हणून जनावरे शेतात चारावीत, हा सल्ला मी स्वतःच वडिलांना दिलेला. त्यानंतर काही आठवड्यांनी सर्जाने चारा कमी केला, रवंथ थांबविले. तो पाठीला बाक काढून, कोपरे बाहेर ठेवून उभा राही. ओढ्याच्या उतारावर पाय टाकीना. वशिंडाजवळ दाबताच कण्हला. पोटात तार किंवा खिळा गेला असावा, असे गावातील पशुवैद्यकांनी सांगितले.

गुरे चारा नीट न चावता गिळतात. त्यासोबत गेलेली धातूची वस्तू मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या कप्प्यात अडकते. हा कप्पा श्वासपटलाला लागून असून पलीकडे थोड्याच अंतरावर हृदय असते. प्रत्येक आकुंचनाबरोबर टोकदार वस्तू पुढे सरकू शकते. ती हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचली की पू साचतो, मानेची शीर फुगते, जबड्याखाली व छातीखाली सूज उतरते. या अवस्थेत शस्त्रक्रियेचे यश फारच दुर्मीळ असते. त्यापूर्वी मात्र स्थानिक भूल देऊन, उभ्या जनावराच्या डाव्या भकाळीतून मोठे पोट उघडून वस्तू काढता येते.

वाहतूक, तपासण्या, शस्त्रक्रिया व औषधे मिळून 28 हजार रुपयांचा अंदाज होता. बाजारात सर्जाला 20 हजारही आले नसते. मी कागदावर दोन्ही आकडे मांडून वडिलांपुढे ठेवले. ते म्हणाले, “बाई, तुझा हिशेब बरोबर आहे. पण इतक्या वर्षांची नांगरट तू कोणत्या रकान्यात लिहिलीस?” मी निरुत्तर झाले. थोड्या वेळाने तेच म्हणाले, “हा पुन्हा सुखानं कडबा खाईल का, एवढं डॉक्टरांना विचार. नाही म्हणाले तर त्याला चिरायचं नाही. हो म्हणाले तर कपाशीचे आलेत त्यातून तीस हजार घालू. कर्ज काढायचं नाही.”

विस्तार कार्यकर्त्यांना असे प्रसंग वारंवार भेटतात. वडिलांच्या त्या बोलण्यात जे सूत्र होते, ते पुढीलप्रमाणे मांडता येईल.

1. आधी निदान, मग शस्त्रक्रिया. निरीक्षणाविना फवारणी करीत नाही, तसेच एक्स-रे वा सोनोग्राफीविना मोठा खर्च ठरवू नये. तपासणीचा खर्च वाया जात नाही. निष्फळ शस्त्रक्रिया टळली तरी तो वसूल होतो.

2. पशुवैद्यकांना तीन प्रश्न विचारावेत. बरे होण्याची शक्यता किती? बरे झाल्यावर जनावर वेदनेविना खाऊ, बसू, चालू शकेल का? शस्त्रक्रिया न केल्यास वेदनाशमनासाठी काय करता येईल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर पैसा कितीही असला तरी शस्त्रक्रियेचा आग्रह धरू नये. तो आग्रह आपल्या समाधानासाठी असतो, जनावरासाठी नव्हे.

3. खर्चाची मर्यादा आधीच, रकमेत ठरवावी. घरातील सर्वांसमक्ष ठरलेला आकडा ऐनवेळच्या घालमेलीत आधार देतो. बी-बियाणे व मुलांचे शिक्षण यांसाठी राखलेला पैसा त्यात धरू नये.

4. झालेला खर्च पुढच्या निर्णयात मोजू नये. “एवढे घातले, आता आणखी थोडे” हा विचार अनेकांना कर्जात लोटतो. प्रत्येक टप्प्यावर पुढील शक्यताच पाहावी.

5. जिव्हाळ्याचा रकाना उघडपणे लिहावा. बाजारभावापेक्षा अधिक खर्च करणे म्हणजे अडाणीपणा नव्हे. मात्र ती कृतज्ञतेपोटी दिलेली रक्कम आहे, उत्पन्नासाठीची गुंतवणूक नव्हे, हे स्वतःशी स्पष्ट असावे. परवडत नसल्याने नकार देणाऱ्या कुटुंबालाही कोणी निर्दय ठरवू नये.

आजार लपवून जनावर विकण्याचा सल्ला कार्यकर्त्यांनी कधीही देऊ नये. त्यामुळे वेदना केवळ दुसऱ्याच्या गोठ्यात जाते. अनेक राज्यांत 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मिळते. लक्षणे दिसताच दूरध्वनी केल्यास मोठा खर्च पुष्कळदा टळतो.

सर्जाच्या तपासणीत हृदय सुरक्षित आढळले. शस्त्रक्रियेत बोटाएवढी बारीक तार निघाली. कामगंध सापळे काठीला बांधण्यासाठी आम्ही वापरली होती, तशीच. ती आमच्याच सापळ्याची होती हे सिद्ध करता येणार नाही. पण सापळे काढताना तारा कोणी मोजल्या नव्हत्या, एवढे खरे. आज सर्जा नांगराला जुंपला जात नाही. हलकी गाडी ओढतो आणि कडबा सुखाने खातो.

धोका असलेल्या भागात पशुवैद्यकांच्या सल्ल्याने जनावराच्या पोटात विशिष्ट लोहचुंबक सोडता येते. कडबाकुट्टीत चारा घालण्यापूर्वी तो झटकून पाहता येतो. माझ्या विषयापुरती एक भर मी आता प्रत्येक प्रशिक्षणात घालते : सापळे शक्यतो सुतळीने बांधावेत. तारच वापरली असेल, तर जितक्या तारा शेतात नेल्या तितक्या मोजून परत आणाव्यात, आणि मगच जनावरे शेतात सोडावीत.