तराजूचीही परीक्षा

बाजारात किलोभर बटाटे घेताना आपले लक्ष बटाट्यांइतकेच तराजूकडेही असते. दुकानदार कितीही प्रामाणिक असला तरी तराजूच खोटा असेल तर काय उपयोग? म्हणूनच वजनमापे खात्याचे निरीक्षक ठराविक काळाने दुकानदारांची वजने आणि तराजू प्रमाणित वजनांशी ताडून पाहतात व मगच त्यांवर मुद्रा उठवतात.

आता एक प्रश्न विचारू. नवे औषध गुणकारी आहे की नाही हे ज्या तराजूवर ठरते, त्याची परीक्षा कोण करतो? हा तराजू लोखंडाचा नसतो. शेकडो रुग्णांच्या नोंदी घेऊन त्यांतून सरासऱ्या, टक्केवाऱ्या आणि तक्ते तयार करणारी संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, हाच तो तराजू. तो कोठून आणला, कोणत्या परवान्याने आणला आणि संगणकात नीट बसवला की नाही, या गोष्टी वरवर कारकुनी वाटतात. पण त्या औषधाच्या परीक्षेचाच भाग आहेत. कसे, ते आपण एका खऱ्या उदाहरणावरून पाहू.

एक नामांकित चाचणी

१९४८ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. फुप्फुसांचा तीव्र क्षय झालेले १०७ रुग्ण या चाचणीत होते. त्यांतील ५५ जणांना विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसिन दिले. उरलेल्या ५२ जणांना त्या काळच्या रीतीप्रमाणे फक्त पूर्ण विश्रांती दिली. औषध त्या वेळी इतके दुर्मिळ होते की ते सगळ्यांना पुरणे शक्यच नव्हते.

कोणाला औषध द्यायचे हे डॉक्टरांनी ठरवले नाही. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी यदृच्छ संख्यांच्या आधारे यादी केली आणि प्रत्येक रुग्णाचा गट बंद लिफाफ्यात ठेवला. त्यामुळे 'हा जरा धडधाकट दिसतो, याला औषध देऊ' असे कोणालाही करता आले नाही.

सहा महिन्यांनंतरचा हिशेब असा होता: औषध घेतलेल्या ५५ पैकी ४ दगावले, ५१ जगले. औषध न घेतलेल्या ५२ पैकी १४ दगावले, ३८ जगले. म्हणजे एका गटात मृत्यूचे प्रमाण ७ टक्के, तर दुसऱ्यात २७ टक्के.

फरक मोठा आहे, हे खरे. पण तुम्ही नाणे दहा वेळा उडवले तर दर वेळी बरोबर पाच छापे पडतात का? नाही. मग हा फरकही निव्वळ योगायोगाने पडला नसेल कशावरून? या शंकेचे उत्तर संख्याशास्त्र देते.

कागद-पेन्सिल घेऊन बसा

हे गणित तुम्हीही करू शकाल. एकूण १०७ पैकी १८ रुग्ण दगावले. औषधाचा काहीच परिणाम नसता तर हे १८ मृत्यू दोन्ही गटांत गटांच्या आकाराप्रमाणे वाटले गेले असते. पहिल्या गटात ५५ × १८ ÷ १०७, म्हणजे सुमारे ९.२५, आणि दुसऱ्या गटात ८.७५. त्याच हिशेबाने जगलेल्यांची अपेक्षित संख्या ४५.७५ आणि ४३.२५ येते.

प्रत्यक्षात पहिल्या गटात ४ मृत्यू झाले. ९.२५ मधून ४ वजा केले की ५.२५ उरतात. चारही घरांत अपेक्षित आणि प्रत्यक्ष संख्येतील फरक ५.२५ इतकाच येतो. ताडून पाहा. आता या फरकाचा वर्ग करा (२७.५६), त्याला प्रत्येक घरातील अपेक्षित संख्येने भागा आणि चारही भागाकारांची बेरीज करा:

२.९८ + ३.१५ + ०.६० + ०.६४ = ७.३७

या बेरजेला काय-वर्ग म्हणतात. फरक केवळ योगायोगाचा असेल, तर ही बेरीज ६.६३ च्या वर जाण्याचा संभव शंभरात एक असतो. आपली बेरीज त्याहून मोठी आहे. म्हणून आपण लिहू: 'इतका फरक योगायोगाने पडण्याचा संभव शंभरात एकाहूनही कमी आहे.'

दोन उत्तरे, दोन्ही रीतसर

पण थांबा. १९३४ साली फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी असे दाखवले की संख्या लहान असताना या रीतीने योगायोगाचा संभव खऱ्याहून कमी दिसू शकतो. त्यांनी उपाय सुचवला की वर्ग करण्यापूर्वी फरकातून अर्धा वजा करावा. म्हणजे ५.२५ ऐवजी ४.७५ घ्यायचे. त्याचा वर्ग २२.५६. पुन्हा भागाकार करून बेरीज करा:

२.४४ + २.५८ + ०.४९ + ०.५२ = ६.०३

हे उत्तर ६.६३ च्या खाली आले! आता 'शंभरात एकाहून कमी' असे लिहिता येणार नाही. 'शंभरात एकाहून थोडा जास्त' असे लिहावे लागेल. औषध गुणकारी आहे हा निष्कर्ष दोन्ही रीतींनी टिकतो, कारण सहसा वीसात एक ही मर्यादा धरतात आणि तिची खूण ३.८४ आहे. पण एखाद्या औषधाचे आकडे सीमारेषेवरचे असते तर? एका रीतीने ते पास आणि दुसरीने नापास झाले असते. तेच रुग्ण, तेच मृत्यू, तेच आकडे, आणि निकाल मात्र वेगळा!

आज हे गणित हाताने कोणी करत नाही, संगणक करतो. या कामासाठी 'सास' आणि 'आर' या दोन आज्ञावली फार वापरात आहेत. वरच्यासारखा दोन-दोन घरांचा तक्ता 'आर'ला दिला आणि वेगळे काही सांगितले नाही, तर तिची नेहमीची आज्ञा येट्स यांची दुरुस्ती करूनच उत्तर देते. 'सास' दुरुस्तीविना आणि दुरुस्तीसह अशी दोन्ही उत्तरे छापते. त्यांतले कोणते अहवालात उतरवायचे, हे माणसाने ठरवायचे असते. आणि केव्हा? निकाल पाहिल्यावर नव्हे, तर आधी! म्हणूनच चाचणीचा निकाल उघड होण्यापूर्वीच विश्लेषणाचा आराखडा लिहून ठेवतात. कोणती रीत वापरणार आणि कोणत्या आज्ञावलीची कोणती आवृत्ती वापरणार, हे त्यात नमूद करता येते.

परवाना म्हणजे काय?

वही विकत घेतली की ती तुमची झाली. आज्ञावलीचे तसे नसते. आपण बहुधा ती वापरण्याची परवानगी घेतो, आणि त्या परवानगीच्या अटी परवान्यात लिहिलेल्या असतात.

'सास'चा जन्म अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात १९६६ च्या सुमारास शेतीच्या प्रयोगांचे आकडे सोडवण्यासाठी झाला. १९७६ साली तिची कंपनी निघाली. तिचा परवाना सहसा ठराविक मुदतीचा असतो. मुदतीची तारीख असलेली परवान्याची माहिती आज्ञावलीत भरावी लागते. मुदत टळली आणि नूतनीकरण झाले नाही तर काही काळ सूचना मिळतात आणि मग काम बंद पडते. वर्षानुवर्षे चाललेल्या चाचणीचा अहवाल द्यायच्या आठवड्यातच असे झाले तर काय होईल, याची कल्पना करा!

'आर' ही आज्ञावली न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत तयार केली. १९९५ पासून ती मुक्त परवान्याखाली मिळते. कोणीही ती घ्यावी, वापरावी, आतील मजकूर वाचावा, बदलावा. मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला दिली तर हेच स्वातंत्र्य त्यालाही द्यायचे, ही अट. ती सुरू करताच पडद्यावर सूचना येते की हिच्याबद्दल कसलीही हमी दिलेली नाही. याचा अर्थ ती वाईट आहे असा नाही. तपासून घेण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची आहे, एवढाच अर्थ. विकतची आज्ञावली घेतली म्हणूनही ही जबाबदारी टळत नाही. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण संस्थेने २०१५ साली स्पष्ट केले की ती अमुकच आज्ञावली वापरा असे म्हणत नाही. तिचा आग्रह असतो तो आज्ञावली भरवशाची असावी आणि ती तपासल्याची नोंद असावी, यासाठी.

परवान्याविना उतरवून घेतलेली चोरटी प्रत का चालत नाही, हे आता ध्यानात येईल. चोरी तर ती आहेच. शिवाय मधल्या हातांनी तिच्यात काय फेरफार केला हे कोणालाच सांगता येत नाही. मुद्रा नसलेला तराजूच तो!

बसवताना तीन तपासण्या

घरच्या संगणकावर खेळ बसवताना आपण दोन-चार बटणे दाबतो आणि खेळायला लागतो. औषध-चाचणीच्या कामात तीन पायऱ्यांनी तपासणी करतात.

पहिली पायरी: सगळे भाग शाबूत आले का? आज्ञावलीत हजारो फायली असतात. प्रत्येक फाइलवरून ठराविक रीतीने एक ताळ्याची संख्या काढतात आणि ती मूळ संख्येशी जुळते का ते पाहतात. पुस्तकाच्या मलपृष्ठावर तेरा अंकी क्रमांक असतो ना? त्यातला शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून काढलेला असतो. एक जरी अंक चुकला तरी ताळा जुळत नाही. तीच ही युक्ती.

दुसरी पायरी: उत्तरे बरोबर येतात का? यासाठी ज्यांची उत्तरे आधीच पक्की ठाऊक आहेत अशी गणिते घालतात. अमेरिकेच्या मानक संस्थेने अशा गणितांचे संच अनेक दशांश स्थळांपर्यंतच्या उत्तरांसह प्रसिद्ध केले आहेत. सोपी वाटणारी गणितेही यंत्राला कशी चकवतात ते पाहा. १०००१, १०००२ आणि १०००३ या संख्यांचे विचलन काढायचे आहे. सोप्या सूत्राने वर्गांची बेरीज ३०,०१,२०,०१४ येते. तीमधून बेरजेच्या वर्गाचा तिसरा भाग, म्हणजे ३०,०१,२०,०१२, वजा करायचा. बाकी उरते २. पण यंत्र फक्त आठ अंक लक्षात ठेवत असेल, तर दोन्ही संख्या ३०,०१,२०,०१० अशा होतात आणि बाकी शून्य येते! तीन वेगवेगळ्या संख्यांमध्ये काहीच फरक नाही असे यंत्र बिनदिक्कत सांगते.

तिसरी पायरी: आपल्या जागी, आपल्या संगणकावर, आपली माणसे आपल्या पद्धतीचे आकडे घालून काम करतात तेव्हाही सारे ठीक चालते का?

प्रत्येक पायरीची तारीख, आवृत्तीचा क्रमांक आणि तपासणाऱ्याची सही नोंदवतात. नवी आवृत्ती आली की हे सारे पुन्हा करायचे. कारण सुधारणेनेही उत्तर बदलू शकते. २०१९ साली 'आर'च्या ३.६.० या आवृत्तीत यदृच्छ निवडीची रीत सुधारली. त्यामुळे सुरुवातीची बीजसंख्या तीच दिली तरी जुनी आवृत्ती एक यादी देते आणि नवी दुसरी.

एक ओळ सरकली

ही काळजी फाजील वाटते का? मग अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात काय घडले ते वाचा. पेशींतील जनुकांच्या नोंदींवरून कोणत्या कर्करोग्याला कोणते औषध लागू पडेल हे सांगता येते, असा दावा तेथील संशोधकांनी २००६ साली केला. २००७ पासून त्या आधारे रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स हे दोन संख्याशास्त्रज्ञ तेच आकडे घेऊन तेच गणित करू लागले, पण उत्तर जुळेना. शोध घेता इतर चुकांबरोबर एक साधी चूक सापडली. जनुकांच्या यादीतील नावे एका ओळीने सरकली होती! एका जनुकाचे आकडे शेजाऱ्याच्या नावावर जमा झाले होते. त्यांनी २००९ साली हे प्रसिद्ध केले, २०१० मध्ये चाचण्या बंद झाल्या आणि २०११ मध्ये मूळ लेख मागे घेण्यात आला. पुढे २०१५ साली संशोधनातील सचोटी पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाने, एका संशोधकाने खोटे आकडेही घातले होते, असा निष्कर्ष जाहीर केला.

चूक असो वा लबाडी, ती उघडकीस आली ती एकाच मार्गाने: दुसऱ्या कोणीतरी तेच गणित पुन्हा केले म्हणून. आज औषध-चाचण्यांच्या कामात हा मार्ग नेहमीचा झाला आहे. महत्त्वाचा तक्ता दोघांकडून, एकमेकांचे काम न दाखवता, स्वतंत्रपणे करून घेतात आणि उत्तरे ताडून पाहतात. पुण्या-मुंबईतील कितीतरी तरुण-तरुणी आज हेच काम करत आहेत. एका दशांशाचा फरक आला तरी त्याचे कारण सापडेपर्यंत अहवाल पुढे जात नाही. त्या दशांशामागे कोणाचा तरी श्वास असतो.

करून पाहा

१. ०.५, १.५, २.५ आणि ३.५ या संख्या शाळेत शिकवल्याप्रमाणे पूर्णांकात आणा आणि बेरीज करा. आता 'बरोबर अर्धा असेल तर जवळच्या सम संख्येकडे जा' या नियमाने तेच करा. 'आर' हा दुसरा नियम पाळते, 'सास'ची नेहमीची रीत शाळेसारखी आहे. खरी बेरीज ८ आहे. तिच्याशी कोणती जुळली?

२. पाच रुग्ण औषधाने आणि पाच औषधाविना असे समजून तुमच्या मनाने एक तक्ता करा. काय-वर्ग दुरुस्तीविना आणि दुरुस्तीसह काढा. रुग्णांची संख्या दसपट करून पुन्हा काढा. दोन उत्तरांतील अंतर पहिल्या उत्तराच्या मानाने वाढले की घटले?

३. शिक्षकांनी वर्गाच्या दोन तुकड्या कराव्यात आणि दोन्ही तुकड्यांना वर्गातील मुलांच्या उंचीची एकच यादी द्यावी. सरासरी आणि मध्यक काढण्याची रीत त्यांनी आधी लिहून ठेवावी, मग एकमेकांशी न बोलता गणित सोडवावे. उत्तरे जुळली नाहीत, तर कोणती तुकडी हुशार हे ठरवण्याच्या भरीस पडू नका. फरक नेमका कोणत्या पायरीवर पडला ते दोघांनी मिळून शोधा.