तारीख कळव

कऱ्हाड, रविवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या काकूचा फोन आला होता. मनू नाकाच्या ऑपरेशनची चौकशी करून आलीय, पैसेही साठवतेय, असं म्हणाली. खरं का गं? तुझ्या आईला अजून माहीत नाही म्हणे. मला रात्रभर झोप लागली नाही. तारीख घेतली असशील तर आधी ते कळव, बाकीचं पत्र मागाहून वाच.

काय झालंय त्या नाकाला? आजीचं नाक ते. मला आलं, तुझ्या आईला आलं, तुला आलं. पाच वर्षांची असताना प्रीतिसंगमावर भेळ खाताना त्याच नाकाच्या शेंड्याला तू चिंचेची चटणी लावून घेतली होतीस. तो फोटो अजून दुकानात काउंटरच्या काचेखाली आहे.

तुझे इन्स्टाग्रामवरचे फोटो मी बघतो. चाळीस वर्षं लोकांची तोंडं बघण्यात गेली, त्यामुळे चटकन कळतं. तिथं तुझं नाक नाही. तू लावतेस तो फिल्टर डोळे, नाक, हनुवटी शोधतो आणि फोटो निघायच्या आधीच नाकपुड्या आत ओढतो. खाली मैत्रिणी लिहितात, किती गोड. अगं, ते कौतुक त्या ओढलेल्या नाकाला मिळतं, तुझ्यापर्यंत पोचणार कसं? मग रात्री तोंड धुताना आरशात दिसतं तेच चुकलेलं वाटायला लागतं.

फिल्टर काढला तरी मोबाईल तोंडापासून हातभरसुद्धा लांब नसतो. भिंग जवळ आलं की पुढे असेल ते फुगतं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. म्हणून गिऱ्हाइकाला आम्ही सहा फुटांवर बसवायचो. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणितच मांडलं. फूटभर अंतरावरच्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे ज्या नाकाला कंटाळून तू डॉक्टरकडे गेलीस ते मोबाईलनं फुगवलेलं, आणि जे हवंय तेही मोबाईलनंच काढून दिलेलं. मग सुरी कुणाच्या नाकावर चालणार, मनू?

तू एकटीच अशी नाहीस, तेही मला ठाऊक आहे. इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीची स्वतःचीच पाहणी २०२१ साली बाहेर आली. आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं त्यात १०० पैकी ३२ मुलींनी सांगितलं होतं. पेपरात वाचलं तेव्हा मी पान उलटलं. आपल्या घरात हे येईल असं वाटलं नव्हतं.

रागावून लिहितोय असं तुला वाटेल. पण रागावायचा मला हक्क किती, ते सांगतो.

१९९१ साली तुझ्या आईसाठी स्थळं बघणं चालू होतं. दाखवायचा फोटो मीच काढला. त्या काळी निगेटिव्हवर टचिंग करायचे. शिसपेन्सिल फिरवली की प्रिंटवर तिथं उजळ येतं, ब्लेडनं अगदी हलकं खरवडलं की सावली पडते. दोन रात्री जागून मी तिचा रंग उजळला, नाकाच्या दोन्ही बाजूंना सावली देऊन ते बारीक केलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. बहिणीचं भलं करतोय असं वाटत होतं, आणि आपला हात किती छान चालतो याचा अभिमानही होता. मुलाकडचे फोटो बघून लगेच आले. तुझी आई पोहे घेऊन बाहेर आली. मुलाच्या आत्यानं पिशवीतून फोटो काढला, एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि तो टीपॉयवर पालथा ठेवला. कुणी एक शब्द बोललं नाही.

तिनं मला कधी दोष दिला नाही. पण त्यानंतर कॅमेऱ्यासमोर मान वर करेना. लग्नाचा अल्बम काढून बघ, प्रत्येक फोटोत नजर खाली. आई किती लाजली होती, म्हणून तुम्ही पोरं हसता. ती लाजली नव्हती गं. तुझ्या बाबांनी फोटो मागितलाच नव्हता, थेट भेटायला आले, म्हणून तरी ते लग्न झालं. एवढ्या वर्षांत मी तिची माफी मागितलेली नाही. दर भाऊबीजेला ठरवतो, आणि ओवाळून होतं.

त्या दिवशी मी दोन निगेटिव्ह काढल्या होत्या. दुसरीला हात लावलेला नाही. काल झोप येईना म्हणून ट्रंक उघडली, ती शोधून दिव्यासमोर धरली. तुझी आई होती, एकवीस वर्षांची. क्षणभर मला तूच वाटलीस. प्रिंट काढून तुला पाठवतो. आईला दाखवायची की नाही, तू ठरव.

दिवाळीला ये. दुकानातल्या जुन्या स्टुलावर बसवीन, सहा फुटांवरून, खिडकीच्या उजेडात, आणि नंतर कुठेही हात फिरवणार नाही. तो फोटो महिनाभर जवळ ठेव. तोवर तारीख घेऊ नकोस, एवढं ऐक माझं.

आणि त्यानंतरही करायचंच ठरवलंस तर मी आडवा येणार नाही. नाक तुझं आहे. आईशी मी बोलेन. पण दवाखान्यात एकटी जायचं नाही. भूल उतरल्यावर घशाला कोरड पडते, तेव्हा पाणी द्यायला उशाशी आपलं माणूस लागतं. तारीख कळव, मी आदल्या दिवशीच येऊन राहतो.

तुझा,
मामा