भांड्यांचा साबण घरी करताना : पैसा वाचवा, हातही सांभाळा

महिन्याच्या वाणसामानात भांड्यांचा साबण ही छोटी बाब वाटते. पण घरात पाच-सहा माणसे असली की वडी बघता बघता संपते. म्हणून घरीच साबण करण्याच्या कृती मोबाइलवरून वस्तीत फिरत असतात. त्यांतल्या बऱ्याच कृती मुळात भांडी धुण्याच्या यंत्रासाठी, म्हणजे डिशवॉशरसाठी असतात. धुण्याचा सोडा, टाकणखार, मीठ आणि लिंबूसत्त्व एकत्र करायचे, असे त्यात सांगितलेले असते. यंत्राचे काम बंद दाराआड, कढत पाण्याने चालते. तिथे माणसाचा हात जात नाही. आपली भांडी मात्र आपण हातानेच घासतो. म्हणून ती कृती जशीच्या तशी आपल्या उपयोगाची नाही.

भांडे स्वच्छ कशाने होते?

तेलकटपणा निघतो तो गरम पाणी, क्षार किंवा साबण आणि घासणे या तिन्हींमुळे. फेस जास्त म्हणजे भांडे जास्त स्वच्छ, हा समज खरा नाही. आपल्या आज्या चुलीतल्या राखेने भांडी घासत. लाकडाच्या राखेत क्षार असतो, तो तेल सोडवतो. आजही चाळलेली लाकडाची राख चालेल, पण भांडे नीट खळबळून घ्यावे. कोळशाची, कचऱ्याची किंवा प्लॅस्टिक जळालेली राख मात्र कधीही वापरू नये. तिच्यात विषारी पदार्थ असू शकतात.

घरी काय करता येईल?

१. रिठ्याचे पाणी : 10-12 रिठे फोडून बिया काढाव्यात. साली 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात. सकाळी पंधरा मिनिटे उकळून, गार झाल्यावर कुस्करून गाळून घ्यावे. रोजच्या भांड्यांना हे पुरते. दोन-तीन दिवसांत संपेल इतकेच करावे, कारण ते आंबते. डोळ्यात जाऊ देऊ नये, फार झोंबते.

२. सोड्याचे पाणी : स्टीलची तेलकट भांडी किंवा काचेच्या बरण्या असतील तर 1 लिटर गरम पाण्यात 1 मोठा चमचा धुण्याचा सोडा घालून भांडी पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावीत. नंतर थोड्या साबणात काम होते. हात घालताना रबरी मोजे वापरावेत. अॅल्युमिनियमच्या पातेल्याला हा सोडा लावू नये, पातेले काळवंडते आणि झिजते. कुकर आतून काळा पडला असेल तर पाण्यात लिंबाच्या साली किंवा थोडी चिंच घालून उकळावे.

३. विकतचा साबण पुरवणे : खरी बचत इथेच आहे. आधी खरकटे काढून भांडे जुन्या कागदाने किंवा कोंड्याने पुसून घ्यावे. वाटीभर पाण्यात चमचाभर लिक्विड घालून त्यात घासणी बुडवावी. हे पाणी रोजचे रोज करावे, साठवू नये. वडी भोके असलेल्या डबीत कोरडी ठेवावी. वडी उघडली ती तारीख कॅलेंडरवर लिहा. किती दिवस पुरली ते पाहिले की बचत आपोआप कळेल.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर किंवा लिंबू एकत्र केले की जोरात फसफसते. पण तो फक्त वायू असतो. दोघे एकमेकांचा जोर मारतात आणि मागे साधे खारट पाणी उरते. दोन्ही वेगवेगळे वापरावेत.

हे कधीही करू नका

कॉस्टिक सोडा घरात आणू नका. त्याने कातडी भाजते, डोळा जाऊ शकतो. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका जळते.

टाकणखार भांड्यांना लावू नका. तो पोटात जाणे घातक आहे.

ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या पाण्यात संडास साफ करायचे अॅसिड, लिंबू किंवा व्हिनेगर मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. लहानशा खोलीत तो जिवावर बेतू शकतो. चुकून असे झाले तर सर्वांना घेऊन लगेच बाहेर मोकळ्या हवेत जा.

कुठलेही साबणाचे पाणी थंड पेयाच्या बाटलीत भरू नका. मुले सरबत समजून पितात. एखाद्या मुलाने असे काही गिळलेच तर उलटी करवू नका, लिंबूपाणी पाजू नका. तोंड धुवा आणि ती बाटली सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी 108 लावा. डोळ्यात गेले तर निदान पंधरा मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने डोळा धुवत राहा, मग डॉक्टरांकडे जा.

हात ही आपली मिळकत

आपल्यातील अनेक भगिनी चार-चार घरची भांडी घासतात आणि मग घरी येऊन स्वतःची. सतत ओले हात, त्यात क्षार. मग बोटांना भेगा पडतात, नखुरडे होते. ज्या घरी डिशवॉशर आहे तिथली उरलेली पावडर कुणी दिली तर ती हाताने भांडी घासायला वापरू नका. ती फार तीव्र क्षाराची असते. कामाच्या घरी रबरी मोजे मागायला संकोच करू नये. ती कामाची गरज आहे, मेहरबानी नव्हे. काम संपल्यावर हात साध्या पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करावेत आणि रात्री खोबरेल लावावे. अंगठीखाली साबण साठतो, म्हणून ती काढून ठेवावी. नखाजवळ सूज किंवा पू दिसला तर दवाखान्यात जावे. मधुमेह असेल तर अजिबात थांबू नये.

शेवटी घासणीकडेही लक्ष द्या. ओली घासणी म्हणजे जंतूंचे घर. रोज पिळून उन्हात वाळवावी, वास येऊ लागला की फेकून द्यावी. साबणात वाचवलेले चार पैसे औषधात जाऊ नयेत, एवढीच काळजी आपण सर्वांनी घेऊया.