ब्रीम मासा आणि त्याचे आमिष

युरोपातील संथ नद्या, कालवे आणि गाळाने भरलेली उथळ तळी यांमध्ये ब्रीम हा मासा विपुल आढळतो. शास्त्रीय परिभाषेत त्याला अब्रामिस ब्रामा असे म्हणतात. आपल्याकडील रोहू, कटला आणि मृगळ ज्या गणात मोडतात, त्याच गणातील हा मासा होय. त्याचे शरीर उंच व दोन्ही बाजूंनी चपटे असते. लहानपणी तो रुपेरी दिसतो. वयाबरोबर त्याच्या अंगावर काशाची झाक येते. पूर्ण वाढलेला मासा बहुधा ३० ते ५० सेंटिमीटर लांबीचा असतो.

ब्रीमसाठी कोणते आमिष वापरावे हे ठरविण्यापूर्वी त्याच्या तोंडाची रचना ध्यानात घ्यावी लागते. त्याच्या जबड्यांत दात नसतात. तोंड नळीसारखे पुढे व खाली काढता येते. डोके खाली व शेपटी वर अशा स्थितीत तो तळाचा गाळ तोंडात ओढून घेतो, कल्ल्यांजवळील चाळणीसारख्या काट्यांनी भक्ष्य वेगळे करतो आणि गाळ बाहेर टाकतो. मग घशातील दातांनी भक्ष्य चिरडले जाते. डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या कीटकांच्या तांबड्या अळ्या गाळात राहतात. त्या त्याचे प्रमुख खाद्य होत.

एवढे समजले म्हणजे इंग्लंडमधील गळ टाकणाऱ्यांची रीत सहज उलगडते. गळाला तांबडी गांडुळे, मांसावर वाढणाऱ्या माश्यांच्या पांढऱ्या अळ्या, मक्याचे दाणे किंवा पावाचा तुकडा लावतात आणि आमिष तळावर टेकलेले राहील अशी काळजी घेतात. ब्रीम थव्याने हिंडतो. त्यामुळे एका माशाला भुलविणे पुरेसे नसते. सारा थवा एका जागी थोपवून धरावा लागतो. त्यासाठी पावाचा चुरा भिजवून त्याचे गोळे पाण्यात सोडतात. गोळा तळाशी पोहोचेपर्यंत टिकावा व नंतर सावकाश फुटावा, इतपतच तो दाबलेला असावा. चारा कमी पडला तर थवा पुढे निघून जातो. फार झाला तर माशांची भूक भागते आणि गळाकडे कोणी फिरकत नाही. ही रीत जुनी आहे. १६५३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘द कंप्लीट अँग्लर’ या आयझॅक वॉल्टनच्या ग्रंथातही ब्रीमसाठी जवाच्या माल्टचा चारा सांगितलेला आहे.

मासा लागल्याची खूणही वेगळी असते. सामान्यतः मासा गळ ओढतो तेव्हा दोरीवरील तरंगती काडी पाण्यात बुडते. ब्रीम मात्र आमिष तोंडात घेऊन सरळ होताना गळाजवळचे वजनही उचलतो. त्यामुळे काडी वर येते व पाण्यावर आडवी पडते. नवशिका ती बुडण्याची वाट पाहत बसतो आणि तेवढ्यात मासा आमिष टाकून निघून जातो.

गाळ उपसण्याच्या याच सवयीमुळे पाणी गढूळ होते. गाळातील फॉस्फरस पाण्यात मिसळतो, सूक्ष्म शैवाल वाढते आणि प्रकाशाअभावी तळाच्या वनस्पती नष्ट होऊ लागतात. सांडपाणी व शेतखते यांमुळे आधीच बिघडलेल्या तळ्यांत हा परिणाम अधिक जाणवतो. इंग्लंडच्या नॉरफोक भागातील ‘ब्रॉड्स’ नावाच्या तळ्यांपैकी काहींतून १९९० च्या दशकात पाणी निवळावे म्हणून ब्रीम व इतर मासे काढण्यात आले. पुढे होव्हटन ग्रेट ब्रॉड येथील अशाच योजनेला गळ टाकणाऱ्यांनी विरोध केला, कारण ब्रीम तेथे अंडी घालण्यास येतो. या वादात दोन्ही पक्षांना तळेच हवे आहे. माशांनी न खाल्लेला चाराही तळाशी कुजून पाण्याचा भार वाढवितो. तेव्हा चारा टाकताना मूठ आवरणे हे गळ टाकणाऱ्याच्या लाभाचे, तसेच तळ्याच्याही हिताचे ठरते.