जुन्या मशीनच्या मापानं बांधा

राजेहो, अचलपूर-परतवाड्यातल्या दुकानदारांसाठी बिलाचे, हिशेबाचे प्रोग्राम लिहायला निघालात, फार चांगलं केलं. पण एक ध्यानात ठेवा. अडतीवर, कृषी केंद्रात अजून कुठंकुठं विंडोज 7 आहे. मायक्रोसॉफ्टनं त्याचा आधार 14 जानेवारी 2020 ला काढून घेतला, तरी मशीन चालतं, डॉट मॅट्रिक्स त्यावरच छापतो. मग माणूस ते काहून बदलेल? त्याला एवढंच बजावा की हे मशीन इंटरनेटला जोडू नको. बाकी जबाबदारी तुमची.

शकुंतला रेल्वेचे रूळ अडीच फुटांचे होते; त्यावर चालायचं तर डबा त्याच मापाचा लागे. तसं, सगळ्यात जुनी सिस्टीम कोणती हे पहिल्या ओळीच्या आधी ठरवा, मग कंपायलर निवडा. विंडोज 7 वर पायथन 3.8 शेवटचा. गो 1.20 पर्यंतच, 1.21 ला विंडोज 10 लागतं.

आता खरी मेख. प्रोग्राम उघडताना विंडोज आधी त्याची आयात-यादी तपासतं: कोणत्या डीएलएलमधून कोणतं फंक्शन हवंय. त्यातलं एक नाव जरी सापडलं नाही, तर ‘एंट्री पॉइंट सापडला नाही’ म्हणून प्रोग्राम उघडतच नाही. ते फंक्शन तुम्ही प्रत्यक्षात कधी वापरणार नसलात तरीही. अतिअचूक वेळ देणारं एक फंक्शन विंडोज 8 पासून आलं. तुम्ही ते बोलावलं नसेल, पण एखादी लायब्ररी बोलावते आणि विंडोज 7 वर घात होतो. उपाय असा की नवं फंक्शन थेट जोडू नका. प्रोग्राम चालू झाल्यावर ‘गेटप्रॉकॲड्रेस’नं विचारा, नसेल तर जुनं वापरा. शिवाय हेडरला विंडोज 7 चा आवृत्ती-अंक 0x0601 द्या. म्हणजे विंडोजच्या हेडरमधली नवी फंक्शनं झाकली जातात आणि चूक गिऱ्हाईकाकडे नाही, तुमच्याच टेबलावर कळते.

सीची रनटाइम लायब्ररी विंडोज 10 मध्ये आधीच असते, 7 मध्ये अपडेटनं यावी लागते. छोटा प्रोग्राम असेल तर ती आतच बांधून टाका.

लिनक्सवर हीच गत जीलिबसीची, म्हणजे तिथल्या सीच्या लायब्ररीची. उबुंटू 22.04 वर 2.35 आहे, 20.04 वर 2.31. नव्यावर बांधलेलं जुन्यावर ‘2.34 सापडत नाही’ म्हणून अडतं, कारण लिंक करतानाच त्या लायब्ररीतल्या प्रत्येक फंक्शनच्या नावावर आवृत्तीचा शिक्का बसतो. ‘ऑब्जडंप’नं ते शिक्के वाचा. नवी जीलिबसी उचलून जुन्या मशीनवर मात्र कधीच टाकू नका, सगळी सिस्टीमच बसेल. डॉकरमध्ये जुनं उबुंटू घ्या आणि तिथंच बांधा.

अक्षरांकडेही पाहा. रुपयाचं चिन्ह सरकारनं 15 जुलै 2010 ला स्वीकारलं; विंडोज 7 त्याच्या आधीचं, 2009 चं. अपडेट नसेल तर बिलावर चिन्हाऐवजी चौकोन येतो. तिथं सरळ ‘रु.’ छापा.

आणि तपासणी आपल्या लॅपटॉपवर नको, त्यावर सगळ्या लायब्रऱ्या आधीच असतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये कोरं विंडोज 7 टाका, एकही अपडेट न देता, आणि बिल तिथं फाडून पाहा.