गाईडचा एच-इंडेक्स सगळ्यात शेवटी बघा

कर्करोगावर पीएच.डी. करायला हैदराबादला जायचं ठरलं, की सीसीएमबी, सीडीएफडी, हैदराबाद विद्यापीठ अशी नावं समोर येतात. मुलाखतीचं पत्र आलं की मुलं लगेच संभाव्य गाईडचं नाव गूगल स्कॉलरवर टाकतात, उजवीकडच्या चौकटीतला एच-इंडेक्स वाचतात आणि मत बनवून मोकळी होतात. हे उलटं झालं. आधी त्यांच्या पेपरांची यादी साफ करायची, मग आकडा.

पहिलं काम नावाचं. तेलुगू नावात घराण्याचं नाव पुढे येतं आणि बहुतेक वेळा एका आद्याक्षरावर भागवलं जातं. जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचं घराणं येल्लाप्रगडा. जर्नलात मात्र ते ‘सुब्बाराव वाय.’ झाले. ‘रेड्डी के.’ असं शोधलंत तर कितीतरी रेड्डी एकत्र सापडतील. म्हणून आधी संशोधकाचा १६ अंकी ऑर्किड क्रमांक बघा. नसेल, किंवा पान अर्धवट भरलेलं असेल, तर पबमेडवर नावासोबत संस्थाही टाका. संस्थेचं नाव पूर्ण, आद्याक्षरांत, ‘सीएसआयआर’ जोडून, असं सगळ्या रूपांत शोधा. स्कॉलरवर भरवसा ठेवू नका. तिथे नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे पेपर आपोआप चिकटतात आणि ते काढायची तसदी सगळेच घेतात असं नाही.

मग एक्सेल उघडा. वर्ष, जर्नल, पेपरचा प्रकार, लेखकांच्या रांगेतली जागा आणि सायटेशन, एवढे रकाने पुरेत. सायटेशन एकाच ठिकाणाहून घ्या. स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही मोजतं, त्यामुळे तिथला आकडा स्कोपसपेक्षा बहुधा फुगलेला असतो.

लेखकांची जागा नीट बघा. जीवशास्त्रात पहिलं नाव प्रयोग करणाऱ्याचं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं, असा रिवाज आहे. चाळीस नावांच्या पेपरात तुमच्या गाईडचं नाव सतरावं असेल, तर ते सायटेशन त्यांच्या लॅबच्या खात्यावर टाकू नका. प्रकाराचंही तसंच. जगभरातल्या कर्करोगाची आकडेवारी देणाऱ्या ग्लोबोकॅनच्या लेखांना प्रचंड सायटेशन मिळतात, कारण जो तो आपल्या पेपरच्या पहिल्या परिच्छेदात त्यांचा हवाला देतो. रिव्ह्यू लेखही असेच धावतात. ते वेगळ्या रंगात ठेवा.

आता एच-इंडेक्स. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये तो सुचवला. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा. समजा ४०, २२, ९, ६, ५, ५, १ असे आकडे आले. पाचव्या पेपरला पाच आहेत, सहाव्याला सहा नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ५. पहिल्या पेपरचे ४० ऐवजी ४०० झाले तरी तो ५च राहतो, आणि वय वाढेल तसा वाढतो, कमी कधीच होत नाही. साठीच्या प्राध्यापकांची तुलना नुकत्याच रुजू झालेल्या शास्त्रज्ञाशी याच्यावर करणं निव्वळ अन्याय आहे.

त्यापेक्षा आयसाइट वापरा. अमेरिकेच्या एनआयएचचं हे साधन फुकट आहे. पबमेड क्रमांकांची यादी चिकटवली की प्रत्येक पेपरचं सापेक्ष गुणोत्तर मिळतं, म्हणजे त्याच विषयातल्या, त्याच काळातल्या पेपरांच्या तुलनेत हा कुठे बसतो ते. एनआयएचच्या पैशावर झालेल्या पेपरांचा मध्य १ धरलेला आहे. किती क्लिनिकल लेखांनी या पेपरचा आधार घेतला, तेही तिथे दिसतं. कर्करोगाच्या बाबतीत मला हा रकाना सगळ्यात बोलका वाटतो.

तरी मोजमापाची मर्यादा समजून घ्यायची तर पुन्हा सुब्बारावांकडे यावं लागतं. १९२५ मध्ये हार्वर्डमध्ये त्यांनी सायरस फिस्के यांच्याबरोबर फॉस्फरस मोजण्याची रंगपद्धत छापली. त्या पेपरला हजारो सायटेशन मिळाली, कारण प्रयोगशाळांत ती पद्धत रोज लागायची. पुढे लेडर्ले कंपनीत त्यांच्या गटाने अमिनोप्टेरिन हे औषध तयार केलं. ते वापरून सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांमध्ये तात्पुरता का होईना उतार पडल्याचं १९४८ मध्ये जाहीर केलं. केमोथेरपीच्या इतिहासातला हा पायाचा पेपर, आणि त्याच्या लेखकांत सुब्बाराव नाहीत. त्याच वर्षी ते वारले. निव्वळ सायटेशनवरून पाहिलं तर हा माणूस फॉस्फरसवाला ठरेल.

दोन तपासण्या उरतात. यादीतला एखादा पेपर मागे घेतला गेलाय का, ते रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत आणि छायाचित्रांबद्दलच्या शंका पबपीअरवर बघा. कर्करोगाच्या लॅबमध्ये वेस्टर्न ब्लॉटच्या चित्रांवरून बरेच वाद होतात. शंका म्हणजे दोष नव्हे, लेखकांचं उत्तरही वाचा. दुसरी तपासणी कुठल्याच निर्देशांकात सापडत नाही: शोधगंगेवर जाऊन त्या गाईडकडे झालेले प्रबंध काढा आणि त्या विद्यार्थ्यांची नावं तुमच्या एक्सेलमधल्या पहिल्या लेखकांशी जुळवा. पाच वर्षं राबून किती जणांना पहिलं नाव मिळालं, आणि प्रबंध झाल्यावर किती वर्षांनी, ते तिथे दिसेल. नावं जुळत नसतील तर मुलाखतीच्या दिवशी लॅबमधल्या सिनियरना कँटीनमध्ये गाठून विचारा.